गृहिणी, व्यसन नाही

नशेसाठी सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा उग्र वासाचा गोंद, हुंगल्याने माणसाच्या स्मरणशक्तीवर काहीही परिणाम होत नाही, हे मी बावीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं. मानसशास्त्राचा प्राध्यापक म्हणून सुरतेत माझं जे काही नाव आहे, ते त्याच शोधनिबंधामुळे. येत्या रविवारी माझा निवृत्तीचा सत्कार आहे आणि गौरवग्रंथात तो निबंध मानाने पहिला छापायचा आहे.

पद्धत साधी होती. दहा शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटांनी विचारायचे. रुमालावर सोल्यूशन घेऊन हुंगणाऱ्यांना सरासरी चार आठवले. व्यसन नसलेल्यांनाही चारच. फरक शून्य! ही निर्व्यसनी माणसं मी सुरतेतल्याच डिंडोली वस्तीतून आणली होती, आमच्याच गल्लीतल्या चाळीस बायका. चहासुद्धा दुसऱ्याने करून दिला तरच निवांत पिणाऱ्या. नशा करता का, या प्रश्नावर माझी कमलवहिनी म्हणाली होती, "नशा कराले येळ कोठे शे, भाऊ?" मी लिहिलं: गृहिणी, व्यसन नाही.

ग्रंथाची मुद्रितं पल्लवी नावाची माझी विद्यार्थिनी तपासते. डिंडोलीचीच आहे आणि जिभेला हाड नाही. काल म्हणाली, "सर, या चाळीसही जणी गृहिणीच?"

"मग काय वैमानिक असणार?"

"तसं नाही सर. आमच्याकडे गृहिणी म्हणजे घरी साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या. माझी आईपण चिकटवते. सोल्यूशननेच."

मी तिला उद्धट म्हणालो आणि रिक्षा करून डिंडोलीला गेलो. दहा शब्दांची जुनी यादी खिशात होती. वहिनीने चारापेक्षा जास्त, निदान सहा शब्द सांगितले की झालं, माझी बावीस वर्षं सुखरूप.

वहिनी खोलीभर साडी पसरून बसली होती. खिडकी बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने टिकल्या उडतात. शेजारी सोल्यूशनचा डबा उघडा. दादा गेल्यावर तिने टिकल्या चिकटवूनच मला एम.ए. केलं आणि मी अभ्यास केला तो याच डब्याशेजारी. तो वास मला कधी सोल्यूशनचा वाटलाच नाही. घराचा वाटायचा.

"जेवना का, भाऊ?"

"जेवलो, वहिनी."

मी शब्द वाचले. आंबा, विहीर, कात्री, चूल, असे दहा. मग पाच मिनिटं गप्पा मारल्या. तेवढ्यात तिने आणखी दोनदा विचारलं, जेवना का.

"आता सांग, कुठले शब्द होते?"

"आंबा," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, "कात्री." मग काहीच नाही. मला भीती वाटली. आयुष्यात कुठल्याही नमुन्याला मदत केली नव्हती, पण चुलीसाठी मी गॅसकडे डोळ्यांनी खूण केली. तिने तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "चहा ठेवू का?"

यादी मी खिशात घातली.

"पास ना मी?" तिने हसून विचारलं.

"पास," मी म्हणालो. मागच्या वेळीही तिला मीच पास केलं होतं.

मी उठून खिडकी उघडली. टिकल्या खोलीभर उडाल्या. वहिनी मला रागावली आणि दोघं जमिनीवर वेचायला बसलो. पल्लवीचा फोन आला, निबंध छापायचा ना? "छाप," मी म्हणालो. "फक्त त्या चाळीस जणींच्या नावापुढे व्यवसाय नीट लिही."

फोन ठेवला तर वहिनी माझ्याकडे बघत होती.

"जेवना का, भाऊ?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.

ती उठली आणि पीठ मळायला लागली.