छापलेले आतडे

"रुग्णाचे आतडे मुळातच नाजूक होते, उपचारात कसूर झालेली नाही." किरणोपचार विभागाच्या प्रमुखांचा हा निर्वाळा ताईने इतक्यांदा वाचला होता, की त्यातला स्वल्पविरामही तिला उद्धट वाटू लागला होता. नाचता येईना, अंगण वाकडे. इथे अंगण म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आणि आतडे जळाल्यामुळे हे अंगण आता पोटाला शौचाची पिशवी लावून जगत होते.

निर्वाळ्याला आधार होता तो यंत्राच्या चाचणीचा. ती घेतली जाई पाण्याने भरलेल्या चौकोनी पेटीवर. पेटी हा आदर्श रुग्ण : तिला आतडे नसते, नातेवाईक तर नसतातच. माणसाचे भरलेले मूत्राशय आतड्याला किरणांच्या वाटेतून वर ढकलते. ते रिकामे असले, की आतडे खाली उतरून नेमके माऱ्यात सापडते. म्हणून दर वेळी रुग्णाला आधी पाणी पाजून थांबवायचे असते. भाऊ म्हणे, पहिल्या स्कॅननंतर पाण्याचे कुणी नावही काढले नाही. प्रमुख म्हणत, रुग्णांच्या लक्षात राहत नाही.

ताई विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि डूख धरण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. भावाच्या स्कॅनवरून तिने त्याचे ओटीपोट त्रिमितीय छपाईयंत्रावर छापून घेतले : कठीण हाडे, भरता येईल असे मऊ मूत्राशय, त्यावर टेकलेले आतडे आणि आतड्यात किरणांनी काळवंडणारी पट्टी. तिच्या तक्रारीवरून नेमलेल्या चौकशी समितीकडे तिने एकच मागणे मागितले : प्रमुखांनी या मॉडेलवर स्वतः, रोजच्यासारखे उपचार करून दाखवावेत.

"माझ्यापेक्षा देखणा आहे गं हा," मॉडेल पाहून भाऊ म्हणाला. "शिवाय तक्रारही करत नाही."

"गप्प बैस. तक्रारीला मी आहे."

ठरल्या दिवशी समितीसमोर प्रमुखांनी प्रसन्न चेहऱ्याने मॉडेल टेबलावर नेमके बसवले. तंत्रज्ञ बाईंनी मूत्राशयाची नळी हातात घेतली. "सर, पाणी भरू?"

"नेहमीसारखंच घ्या हो, बाई! बाहेर रांग लागलीय."

बाहेर चिटपाखरूही नव्हते. यंत्र त्या दिवशी समितीसाठीच राखून ठेवले होते. सावज आपल्या पायाने येत असताना हाकारे घालायचे नसतात, हे ताईला ठाऊक होते.

मारा झाला. आतड्यातून निघालेली पट्टी काळीठिक्कर होती. अध्यक्षांनी ती उजेडात धरली. "नेहमीसारखं म्हणजे कसं, डॉक्टर?"

प्रमुखांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "मी रोज विचारते, सर. तुम्ही रोज हेच सांगता."

मग प्रमुख बोलू लागले, तेव्हा ताईने समितीच्या लेखनिकाला हळूच बजावले, "शब्द न् शब्द उतरवा. काही सुधारू नका." त्याने उतरवले ते असे :

"पाणी पाजून थांबवत बसलो तर दिवसाचे रुग्ण कमी होतात. म्हणून ते मीच बंद करायला लावलं. आतडं माऱ्यात येणार हे मला ठाऊक होतं. इतकं जळेल असं वाटलं नव्हतं."