खिडकीकडची बाजू

भोंगा वाजला तेव्हा काका कागद गिरणीतल्या कापणी यंत्राच्या पात्यावरून तेलाचं फडकं फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. जुना भोंगा कागद तुटला की वाजायचा आणि सगळे हातातलं टाकून धावायचे. हा नवा, बारीक आवाजाचा भोंगा कॅमेऱ्यांचा होता. त्यानं सकाळपासून जीव नकोसा केला होता, आणि धावून बघावं तर कागद आपला सुरळीत चाललेला.

"काका, जरा येता का इकडं?" कॅमेरावालीनं हाक मारली.

कॅमेरावाली म्हणजे यंत्राच्या कंपनीनं पाठवलेली इंजिनिअर, वयानं काकांच्या लेकीएवढी. कागदाच्या सबंध रुंदीवर तिनं कॅमेऱ्यांची ओळ बसवली होती. कागद डोळ्यांना दिसेनासा पळत असतानाही त्यावरचं भोक, डाग, सुरकुती ते टिपायचे. आल्या दिवसापासून ती हॉलभर हिंडत होती, यंत्राच्या मागे, शिड्यांवर, कुठंही. काकांना त्याची अजून सवय झाली नव्हती.

"हे बघा," ती पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. "किनारीला काहीतरी आहे. जलचिन्हाचा रूळ एक फेरा मारतो, की हे एकदा उमटतं."

पडद्यावर तारेचं एक बारीक वेटोळं होतं, टोकाशी जरासं शेपूट. काकांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ते वेटोळं त्यांना पाठ होतं.

जलचिन्हाचा रूळ म्हणजे जाळीचा पोकळ रूळ. कागद ओला असतानाच तो त्यावरून फिरतो. जाळीवर तारेनं चित्र शिवलेलं असतं. तार दाबते तिथं कागद पातळ होतो आणि उजेडात धरला की चित्र दिसतं. या गिरणीचं चित्र म्हणजे पक्ष्याचं एक पीस. ते शिवायची काकांची बायको. अंगणापलीकडच्या तारखोलीत ती उभी हयात बसली. गिरणीत तिला शिंपीणबाई म्हणायचे, आणि शिंपीणबाईंच्या नवऱ्याच्या सदऱ्याला मात्र कायम एक बटण कमी, अशी थट्टाही करायचे. थट्टा खरी होती.

लेक लहान होती, म्हणून दोघांनी पाळ्या वेगळ्या घेतल्या. ती सकाळची, ते दुपारचे. भेट व्हायची ती गिरणीच्या फाटकात, ती बाहेर पडताना आणि हे आत शिरताना. घराची किल्ली या हातातून त्या हातात जायची. लेक जेवली, शेजारी खेळतेय, दूध तापवलंय. एवढ्यात बोलणं संपायचं. मशीनच्या हॉलमध्ये तेव्हा बायकांना मज्जाव होता. त्यामुळे आतलं तिनं कधी काही बघितलं नव्हतं, आणि किल्ली घेता घेता काहीबाही विचारायची. आत फार उकडतं का. तुम्ही उभे कुठल्या बाजूला असता.

"उभा कसला असतो? पळत असतो," काका चालता चालता म्हणायचे.

असंच एकदा तिनं नव्या रुळावर जाळी चढवली, आणि काकांना किनारीत ते वेटोळं दिसलं. कागदाचे दोन्ही काठ कापणीत निघतात. काकांच्या बाजूची पट्टी टोपलीत पडायची आणि टोपली भरली की लगद्याच्या टाकीत परत जायची. गिऱ्हाइकाच्या हाती किनार कधी पडत नाही. काकांनी सहज पट्टी उचलून खिडकीशी धरली होती. पीस नाही, पिसाचा तुकडा नाही, नुसतं वेटोळं, जिथं काकांशिवाय कुणाची नजर जायची नाही नेमक्या त्या जागी.

"किनारीला काय उमटतंय ते? तुझं काम का?" त्यांनी फाटकात विचारलं.

"तार सुटली असेल," ती म्हणाली आणि किल्ली घेऊन गेली. तोंडावर रेषही हलली नाही.

तिच्या हातची तार सुटत नसे, हे अख्ख्या गिरणीला माहीत होतं. काकांनी पुन्हा विचारलं नाही. विचारून ती हो म्हणाली असती तर काय बोलायचं, हेही त्यांना माहीत नव्हतं. रोज एकदा पट्टी खिडकीशी धरायची, बघायची आणि टोपलीत टाकायची. एवढ्यानं त्यांची पाळी चांगली जायची.

पुढं टोपली गेली. किनार ओढून घेणारा नळ आला आणि पट्टी कापल्या कापल्या त्यात गडप व्हायला लागली. मग तीही गेली, तिच्या आजारानं फार वेळ दिला नाही. त्यानंतर काका कधीकधी नळावर तळहात ठेवून उभे राहत. आतून पट्टी सळसळत जायची. आणि एकट्या घरात बसलं की मनात यायचं, खरंच तार सुटली असेल. आपणच राईचा पर्वत करून ठेवला असेल. विचारायचं तेव्हा विचारलं नाही, आता कुणाला विचारणार? तिची एवढी आठवण यायची की रागच यायचा.

आज दुपारी यंत्र थांबणार होतं आणि तिनं शिवलेला तो रूळ निघणार होता. नव्या रुळावरचं पीस प्रकाशाच्या किरणानं कापलेलं होतं. त्याला दोरा नव्हता, टाका नव्हता, आणि किनारीला काहीच नव्हतं.

"मोठं करून बघू?" कॅमेरावालीनं विचारलं. "तार सुटलीय की मुद्दाम शिवलीय, ते कळेल."

"नको," काका पटकन म्हणाले. मग आवाज सावरून म्हणाले, "रूळ निघणारच आहे दुपारी. कशाला उगीच?"

"रूळ निघेल हो, पण कॅमेरा यातनंच शिकतो. काय म्हणून शिकवू त्याला?"

"तार सुटली असेल," काका म्हणाले आणि फडकं खांद्यावर टाकून वळले.

"दोन्हीकडं अशी एकसारखी सुटेल?"

काका थांबले.

"दोन्हीकडं म्हणजे?"

"ही खिडकीकडची किनार," तिनं चित्र सरकवलं. "आणि ही मोटारींकडची. तेच वेटोळं, तेच शेपूट. तिकडची पट्टी कुणी बघितलीच नाही का कधी?"

"तिकडं कोण बघणार?" काका म्हणाले. "तिकडं यंत्र फिरवणाऱ्या मोटारी आहेत. माणूस उभं राहीलच कसं? पट्टी भोकातून थेट खाली टाकीत जायची."

त्यांनी पडद्याच्या कडेला हात टेकला. एका किनारीला एक वेटोळं, दुसऱ्या किनारीला एक. मधे सगळा रुंद कागद पळत होता.

किल्ली घेता घेता विचारणाऱ्या तिला बाजू ठाऊकच नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

"काका, बसता का जरा? पाणी आणू?"

काकांनी मान हलवली. नळातून पट्टी सळसळत चालली होती. पडद्यावर रुळाचा आणखी एक फेरा झाला, दोन्ही वेटोळी पुन्हा उमटली आणि भोंगा वाजला.

"मी खिडकीकडं असतो," काका म्हणाले.

"काय म्हणालात?"

"खिडकीकडच्या बाजूला," ते पडद्याकडेच बघत म्हणाले. "इथं उभा असतो मी."

कॅमेरावालीनं हात पुढं करून भोंगा बंद केला.