कुंपणाकडेचा पेटारा

मित्रांनो, बुडापेस्टच्या विमानतळामागे तारेच्या कुंपणाला पाठ लावून उभा असलेला ॲल्युमिनियमचा जुना पेटारा म्हणजे मी. विमानाच्या गोल पोटात नीट बसावा म्हणून माझा एक कोपरा तिरका केला आहे. घडवलं उडण्यासाठी, आणि उभा आहे गवतात!

एके काळी मी चीनमधून फोन आणि खेळणी भरून यायचो. माल चढवणारे बेर्तालान काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, हा गुणी आहे, याचं दार कधी अडत नाही. मी सुखावायचो.

पण इथे माल उतरतो ढीगभर आणि चढतो चिमूटभर. म्हणून विमान परतीचा माल शोधायला दुसऱ्याच शहराकडे वळतं आणि आम्हा रिकाम्यांना इथेच टाकून जातं. असे आम्ही साठत गेलो. मी आधी आलेला, म्हणून सगळ्यांच्या मागे कोंडलो. पुढे भावंडांची भिंत, मागे तार. गुदमरायला व्हायचं.

काकांना माझी दया आली असावी. कुंपणाच्या फटीतून येऊन, माझं बाजूचं दार उघडून ते माझ्यात बसून पाव आणि डुकराची चरबी खात. त्यांच्या घराला गच्ची नव्हती. शरद ऋतूत त्यांनी मला भोकं पाडली, आकडे अडकवले आणि परसातल्या लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातल्या. मला सोबत झाली, खोटं कशाला बोलू!

आणि एक दिवस मोटारीच्या सुट्या भागांची तातडीची मागणी आली. असतील नसतील तेवढे पेटारे हवे होते. भिंत हलली, ऊन आत आलं. ट्रॅक्टर चालवणारी इल्दिको मला ओढायला आली, आणि थबकली.

"काका, ही भोकं कुणी पाडली?"

"मीच. मिरच्यांसाठी. म्हटलं, हा आता कुठे जातोय?"

"आता खरंच कुठे जायचा नाही."

भोक पडलेला पेटारा विमानात चढत नाही. दुरुस्ती झाली असती, पण एरवी रिकामे पेटारे पैशाला पासरी असताना माझ्यासाठी कोण खर्च करणार? काकांनी माळा उतरवल्या, आकडे काढले. त्यानंतर ते माझ्यात जेवायला बसले नाहीत.

आता पुढे नवी भिंत उभी राहिली आहे. भोकांतून मला विमानांच्या शेपट्या तेवढ्या दिसतात.

मित्रांनो, कुणी थांबलेला दिसला, तर त्याचा प्रवास संपला असं परस्पर ठरवू नका. मी थांबलो नव्हतो, वाट पाहत होतो.