बेटावर न पोचणारी बोट

दुसरीच्या वर्गाला बेरीज येते, याबद्दल नव्या बाईंच्या मनात शंका नव्हती. जुन्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी या आल्या, आणि मणी, बिया, बोटं, बटणं, दिसेल ते मोजायला लावून त्यांनी पोरांकडून बेरीज-वजाबाकी अगदी घोटून घेतली. आता त्याच पोरांनी त्यांची मती गुंग करून टाकली होती.

झालं असं, की सुट्टी जवळ आली म्हणून शाळेने टॅबवर सुट्टीचं एक शैक्षणिक अॅप आणलं. पडद्यावर एक बोट, समोर एक बेट. सगळ्या वर्गाची मिळून बोट एकच. कुणी बरोबर उत्तर दिलं की बोट पुढे, चुकलं की मागे. पहिल्याच दिवशी बाईंनी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "बोट बेटावर पोचली की सुट्टी लागणार बरं का!"

तशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना आधीच आत बोलावून घेतलं होतं. "सुट्टीनंतर जुन्या बाई परत येतायत, हे मी मुलांनाही सांगितलंय. पण तिसरीची जागा रिकामी आहे. अॅपचा अहवाल चांगला आला तर तुमचं नाव पुढे करते. संधीचं सोनं करा." नव्या बाईंना ही शाळा हवी होती. किती हवी होती, ते त्या घरीसुद्धा बोलल्या नव्हत्या. उगाच दृष्ट लागायची.

आणि बोट? बोट धक्क्याला चिकटली ती चिकटलीच. सात अधिक पाच किती, असं अॅपने विचारलं की भिंगरी नव्व्याण्णव लिहायची. भिंगरी म्हणजे वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी. एका जागी कधी बसायची नाही म्हणून हे नाव पडलेलं. तिच्या शेजाऱ्याने विसातून चार वजा करून पाचशे उरवले. बाईंनी टॅब बाजूला ठेवायला लावले आणि तीच गणितं फळ्यावर घातली. पटापट सगळी बरोबर! पुन्हा टॅब हातात दिले, पुन्हा नव्व्याण्णव. आता याला काय म्हणावं?

कॉम्प्युटरच्या सरांना बोलावणं गेलं. त्यांनी टॅब उलटा केला, सुलटा केला, बंद करून चालू केला. "टॅब ठणठणीत आहे, बाई," ते म्हणाले, आणि बाईंच्या तब्येतीबद्दल मात्र त्यांची खात्री दिसेना. बाईंनी स्वतः दोन उत्तरं लिहून बघितली. बोट सुळकन पुढे सरकली, तशी वर्गात एकच ओरड उठली.

"नको बाई! नको ना!"

एकाने तर भोकाडच पसरलं. पोरं पाण्याला भितात की काय? "अरे, चित्रातलं पाणी आहे ते," बाईंनी समजूत घातली. पोरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की बावळट कोण ते बाईंना कळेना.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मुद्दाम चुकत असतील गं."

"मुद्दाम कोण चुकेल, आई? माझ्यावर काही राग असेल का त्यांचा?"

बोलून गेल्या खऱ्या, पण तो विचार मनात जो रुतला तो निघेना. त्यांनी दुसऱ्या दिवशी रागावून पाहिलं, मग गोड बोलून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी दारातूनच त्यांना बाहेर बोलावलं. "अहवाल सकाळी वर गेला. वर्गाला साधी बेरीज येत नाही, असं दिसतंय त्यात. तिसरीला मला दुसरं नाव द्यावं लागलं. वाईट वाटून घेऊ नका."

"पण फळ्यावर तर सगळं येतं हो त्यांना!"

"फळा कोण बघतं आता?" मोठ्या बाईंच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच भांडताही आलं नाही.

बाई वर्गात येऊन खुर्चीत बसल्या. समोरच्या टॅबवर पोरांची उत्तरं होती. नव्व्याण्णव. पाचशे. सातशे सात. बघता बघता त्या ताठ झाल्या. ज्याला येत नाही तो अकरा लिहितो, फार तर तेरा. उत्तरापासून इतकं लांब पळायला उत्तर माहीत असावं लागतं.

"भिंगरे, इकडे ये. सात अधिक पाच?"

"बारा."

"मग इथे बारा का नाही लिहिलंस?"

भिंगरीने वर्गाकडे पाहिलं. वर्गाने खाली पाहिलं. "बोट पोचली की सुट्टी लागणार ना? आणि सुट्टी लागली की तुम्ही जाणार. म्हणून आम्ही बोट जाऊच देत नाही. मीच सगळ्यांना सांगितलं, खूप मोठ्ठं चुकायचं, म्हणजे चुकून बरोबर यायला नको."

बाईंना हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही एकमेकांत अडकून बसलं. राग नव्हता तर! केवढं बरं वाटलं त्यांना. आणि लगेच ओठांवर आलं, 'वेड्यांनो, बरोबर लिहिलं असतं तर राहिले असते मी.' ते त्यांनी गिळून टाकलं. एवढ्याशा जिवांना ते कशाला कळायला हवं?

"सुट्टी बोटीवर नसते गं," त्या म्हणाल्या. "ती उद्या लागणारच."

"म्हणजे तुम्ही जाणारच?"

"हो."

भिंगरीने बाईंच्या समोरचा टॅब हातात घेतला. "मग आता खरी उत्तरं देऊ? तुम्हाला आवडतात ना?"

बाईंनी मान डोलावली. टॅब उघडले. बारा. सोळा. एकवीस. कुणी अडखळलं नाही, कुणी बोटंसुद्धा मोजली नाहीत. अहवाल केव्हाच गेला होता. बघायला आता फक्त बाई होत्या. त्या प्रत्येक बाकापाशी वाकून शाब्बास म्हणत होत्या आणि पदराने नाक पुसत होत्या.

बोट बेटाला टेकायला आली. एकच गणित उरलं, आणि सगळ्यांचे हात थांबले.

"हे राहू दे ना, बाई," भिंगरी म्हणाली.

बाईंनी राहू दिलं.