माझ्या चकतीच्या खाचा

मित्रांनो, मी एक जुनी युद्धनौका आहे, क्रूझर जातीची. तुमच्या करंगळीएवढी असले म्हणून काय झालं, तोफा सगळ्या आहेत. पाणी मात्र मी जन्मात पाहिलेलं नाही. माझा समुद्र म्हणजे जेवणाच्या टेबलावर अंथरलेली निळी चादर. आणि माझं युद्ध म्हणजे फासे, मोजपट्टी आणि दोन म्हाताऱ्यांची भांडणं.

खोक्यातून निघाले तेव्हा मी धातूचा ओबडधोबड तुकडा होते. मला रूप दिलं एका घड्याळजीने. घड्याळं दुरुस्त करून झाली की तो तेच भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे वळायचा. त्याने मला घासलं, राखाडी रंग दिला, केसाएवढ्या तारेची डोलकाठी बसवली आणि प्लास्टिकच्या एका लांबट चकतीवर चिकटवलं. खेळणारे या चकतीला बेस म्हणतात. तिच्यावर त्याने लाटा उठवल्या, नाकाशी फेस काढला, शेपटाकडे पांढरी रेघ ओढली. तेव्हा कुठे मी चालल्यासारखी दिसू लागले.

पण कौतुक कुणाचं? तोफांचं! चकतीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. याची मला मनापासून चीड आहे. उभी राहते मी तिच्या जिवावर, सरकते तिच्या जिवावर. घड्याळजीला ते कळत होतं. त्याच्या घरात नियमच होता, बोट उचलायची ती चकतीला धरून, वर हात लावायचा नाही. त्याचा दोस्त बेकरीवाला दर रविवारी खेळायला यायचा आणि दर रविवारी ओरडा खायचा.

"अरे बेसला धर, बेसला! पाव आहे का तो, दाबून बघायला?"

"पाव निदान खाता तरी येतो. तुझ्या बोटींचा काय उपयोग?"

"तुला हरवायला होतो की!"

वर्षं गेली. घड्याळजीच्या डोळ्यांपुढे धुकं जमू लागलं. त्याने दुकान बंद केलं आणि कारण सांगितलं कंबरेचं. लेकीला खरं सांगितलं नाही. तिला कळलं असतं तर तिने त्याला एकट्याने जिनाही उतरू दिला नसता. खेळ मात्र त्याला सोडायचा नव्हता. मग त्याने कानस घेतली आणि आमच्या चकत्यांच्या कडांना खाचा पाडल्या. क्रूझरला तीन, छोट्या लढाऊ बोटीला दोन, कोळशाच्या जहाजाला एक. कडेवरून बोट फिरवलं की कोण कुठे आहे ते त्याला कळायचं. मोजपट्टी आणि फासे तो बेकरीवाल्याकडे सरकवायचा, "तूच मोज, मला वाकवत नाही." बेकरीवाल्याला वाटायचं, म्हातारा बोटींचे लाड करतोय.

लेकीचं फोटो फ्रेम करण्याचं दुकान होतं. बापावर तिचा फार जीव. तो चार दिवस आपल्या बहिणीकडे राहायला गेला, तेव्हा त्याच्या वाढदिवसासाठी तिने आम्हाला गुपचूप दुकानात नेलं. "काय अवस्था झालीय यांची! कडा तर उंदराने कुरतडल्यासारख्या," असं म्हणत तिने खाचा बुजवल्या, कडा पॉलिश कागदाने घासल्या आणि वर चकचकीत वॉर्निश चढवलं. काचेचं कपाट केलं, आत दिवा लावला. खोटं कशाला बोलू, मीही हुरळले होते.

घड्याळजी परत आला. तिने मला त्याच्या हातात ठेवलं. त्याचं बोट कडेवरून फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग दुसरी बोट, मग तिसरी. सगळ्या सारख्याच.

"कशा झाल्यात, बाबा?"

"छान केलंस हं," तो म्हणाला. आवाज मात्र पडला होता.

रविवारी बेकरीवाला आला. घड्याळजीने मला कोळशाचं जहाज समजून चादरीच्या मागच्या कोपऱ्यात लपवलं आणि कोळशाचं जहाज थेट शत्रूच्या तोफांसमोर नेऊन ठेवलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना? कोळसा फेकून मारणार आहेस का?" बेकरीवाला खो खो हसला.

"माझ्या बोटी, मी कशाही चालवीन."

पुढच्या खेळीला त्याने जी बोट उचलली ती बेकरीवाल्याचीच होती. बेकरीवाल्याचं हसू आटलं. "अरे... ती माझी आहे."

घड्याळजीने बोट खाली ठेवली. "बास झालं आता. काचेतच बऱ्या दिसतात त्या. मी नाही खेळणार यापुढे."

लेक दारातच उभी होती. बापाचं बोट अजून गुळगुळीत कडेवर काहीतरी चाचपत होतं. ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, त्या कडा झिजलेल्या नव्हत्या ना?"

"नव्हत्या गं."

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"किती वाजले ते विचारू नकोस म्हणजे झालं."

"थट्टा नको! मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

"सांगितलं असतं तर मलाही काचेत ठेवलं असतंस."

खरंच होतं ते. मग तिने कोपऱ्यातून मला आणलं, बापाचा हात धरला आणि त्याची बोटं माझ्या अंगावर ठेवली.

"अगं, डोलकाठी मोडेल!"

"मोडू दे. बघा, कोण आहे ही?"

त्याची बोटं माझ्या तोफांवरून, धुराड्यांवरून हळूहळू फिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डोलकाठी वाकली.

"क्रूझर," तो म्हणाला. "आणि मी हिला कोपऱ्यात लपवलं होतं!"

"आण पुढे," बेकरीवाला नाक पुसत म्हणाला, "बुडवतो तिला."

लेकीने पुढे बापाला शेजारी बसवून आमच्या कडा पुन्हा कानशीने कोरल्या. वॉर्निशचे टवके उडाले. आता आम्ही भिकार दिसतो, आणि दर रविवारी लढतो.

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण घासूनपुसून काचेत कोंडण्याआधी ती ज्याच्या हातातली आहे त्याला विचारा. तुमच्या डोळ्यांना जी खराबी दिसते, तिच्यावर कुणाचा तरी रविवार चालत असतो. आणि घरातलं म्हातारं माणूस एखाद्या कडेवरून उगाच बोट फिरवताना दिसलं, तर त्याच्या हातातून ती वस्तू काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि तुमचंही बोट फिरवून बघा.