वीतभर फाटलेला झगा

किल्ली गुरुवारी सकाळी उंबऱ्यावर सापडली. धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलेली. ना दारावर थाप, ना चिठ्ठी. शिवणवालीने ती ओळखली, तिच्याच घराची होती. सहा वर्षं ती किल्ली समोरच्या दारामागच्या खिळ्याला होती.

समोरची म्हणजे जिन्यापलीकडच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी बाई. पहाटे बेकरीत जायची, अकराला परत. शिवणवाली गणवेशांच्या कारखान्यात आठ ते पाच, नवरा मालट्रकवर, आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. घरात सासूबाई. कमरेखालून लुळ्या, पण जीभ धडधाकट. दुपारी बाराला समोरची त्या किल्लीने यांचं कुलूप उघडायची, त्यांना भरवायची, कूस बदलून द्यायची आणि वर त्यांची बोलणीही खायची. दोघींचे देव वेगळे, जेवण वेगळं, सुट्टीचा वारसुद्धा वेगळा. सहा वर्षांत त्यातलं काही कुणाच्या आड आलं नव्हतं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस शिवणवालीने रजा काढली. शनिवारी सुपरवायझरचा फोन आला. "सोमवारी आली नाहीस तर तुझ्या मशीनवर दुसरी बसेल. मग माझ्यापाशी रडू नकोस." पाठोपाठ नणंदेचा. तिचं म्हणणं, एवढं जमत नसेल तर आईला आश्रमात ठेवा, ओळखीचा आहे. स्वतःकडे नेते असं काही ती म्हणाली नाही. लोकांच्या ओळखी नेमक्या अशाच ठिकाणी असतात.

रविवार उजाडला तसा शिवणवालीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती भांडी घासायला घेई आणि अर्ध्यावर सोडून खिडकीशी जाई. दूध दोनदा उतू गेलं. आपलं चुकलं काय? घरच्या मशीनचा आवाज? पण मशीन तर ती सहानंतर लावतच नव्हती.

"आई, तुम्ही त्यांना काही बोललात का हो?"

"रोजच बोलते," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तिला सवय आहे. तू आधी एका जागी बस बघू. तुझ्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय."

समोरचीचा एकुलता भाऊ गेल्या आठवड्यात वारला होता. ती परगावी जाऊन त्याला पोचवून मंगळवारी परतली. बुधवारपर्यंत शिवणवालीचा नवरा रजा घेऊन आईपाशी राहिला होता. शिवणवालीच्या माणसांत अशा घरी डबे नेतात. पण समोरचीच्या लोकांत दुखवट्यात बाहेरचं अन्न चालत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. मग करायचं काय? दुःख समोर आणि हात रिकामे, हे तिला सोसवेना. बुधवारी संध्याकाळी गॅलरीतल्या सामाईक दोरीवर समोरचीचा राखाडी लोकरी झगा वाळत होता, गळ्यापासून छातीपर्यंत वीतभर फाटलेला. अडकला असेल बिचारीचा कुठेतरी खिळ्याला. तिने झगा आत आणला, त्याच्याच खालच्या दुमडीतले धागे उसवून काढले आणि तीन तास बसून रफू केलं. असं, की तिचं तिलाच जागा सापडेना. मग गुपचूप पुन्हा दोरीवर टाकून आली. उपकार सांगून करू नयेत, ही तिच्या आईची शिकवण.

त्यानंतर जिन्यात दोनदा गाठ पडली. समोरची थबकली, तिच्याकडे बघत राहिली आणि काही न बोलता निघून गेली. शिवणवालीही गप्प. तिच्या माणसांत दुःखातल्या माणसाला आपण होऊन हाक मारत नाहीत. तो बोलेपर्यंत थांबतात. पण थांबायचं किती? उद्या सोमवार.

चार वाजता सासूबाईंनीच तोंड उघडलं. "जा की. दारच आहे ते, डोंगर नाही."

शिवणवालीने किल्ली मुठीत घेतली आणि समोर जाऊन कडी वाजवली.

दार उघडं होतं. समोरची जमिनीवर बसली होती, मांडीवर तो राखाडी झगा, हातात जाड भिंग. खिडकीच्या उजेडात ती कापड इंचाइंचाने सरकवत होती.

"सापडत नाही," ती मान वर न करता म्हणाली. "चार दिवस शोधतेय."

"काय, ताई?"

"फाटलेलं."

शिवणवाली तिच्याशेजारी टेकली.

"आमच्यात सख्खं माणूस गेलं की अंगावरचं फाडतात," समोरची म्हणाली. "चाळीस दिवस तेच घालायचं. शिवायचं नाही, टाचणीसुद्धा लावायची नाही. लोकांना दिसलं पाहिजे, की हिचं गेलंय कुणीतरी. तू ते मिटवून टाकलंस. जिन्यात भेटायचीस, वाटायचं आता तरी काही बोलशील. तुझं आपलं तोंडाला कुलूप."

"मला वाटलं, खिळ्याला अडकून..." आपल्या हातांचीच तिला लाज वाटली. "मी आत्ता उसवते. ब्लेड आणते."

"उसवून चालत नाही. फाडावं लागतं, आणि ते घरच्या माणसाने. तिकडे म्हाताऱ्या चुलतीने फाडला. ती काही जिने चढून इथे यायची नाही. भाऊ एकच होता." समोरचीने भिंग खाली ठेवलं. "राग आला होता मला. फार आला होता."

"म्हणून किल्ली?"

"छे. किल्ली कशाला रागावर? दुखवट्यातल्या माणसाने परक्या आजाऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नसतं. त्याला बाधतं. मंगळवारीच द्यायची होती, ध्यानात राहिलं नाही."

म्हणजे चाळीस दिवस. शिवणवालीने मनातल्या मनात सोमवार मोजले आणि तिचे डोळे भरून आले. लगेच स्वतःचाच रागही आला. हिचा भाऊ गेलाय आणि आपण आपलीच रड घेऊन बसलोय.

पलीकडून हाक आली. "अगं, कुणी आहे का घरात? पाय अवघडलेत माझे."

समोरची सवयीने उठली. दारापर्यंत गेली, तिथे थांबली आणि चौकट धरून उभी राहिली. शिवणवाली धावत जाऊन सासूबाईंचे पाय सरळ करून आली, तरी ती तिथेच होती.

मग समोरचीने आत जाऊन झगा अंगात घातला आणि शिवणवालीपुढे येऊन बसली. गळ्याशी कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाखवलं. "इथून."

"मी?"

"मग कोण? सहा वर्षं म्हातारीची बोलणी खातेय मी. परकी असते तर खाल्ली असती?"

"तुमच्या चुलतीला कळलं तर?"

"तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही. कात्री नको, हाताने."

सुईदोऱ्यावर आयुष्य गेलेल्या बाईला चांगलं कापड फाडणं म्हणजे जिवावरचं काम. एकदा ओढलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून सगळा जोर लावला. टर्रकन आवाज झाला, गळ्यापासून छातीपर्यंत. डोळे उघडून बघते तर रफू जिथल्या तिथे. कापड त्याच्या शेजारून फाटलं होतं.

समोरचीने मान वाकवून ते पाहिलं. "शिवण मात्र पक्की हो तुझी," ती म्हणाली आणि मग तिचा बांध फुटला. परगावाहून परतल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. शिवणवालीने तिला जवळ घेतलं. आधी कुणी बोलायचं हे दोघींनाही आठवलं नाही.

बऱ्याच वेळाने समोरचीने पदर नव्हता म्हणून फाटक्या झग्याच्या बाहीनेच नाक पुसलं आणि हात पुढे केला.

"किल्ली दे. घरच्या आजाऱ्याकडे जायला आमच्यात बंदी नाही."

किल्ली घामाने ओली झाली होती. समोरचीने ती पुसली आणि दारामागच्या खिळ्याला लावली.