नुसतं भेटायला

टिरोला घानाला यायचंच नव्हतं. तिकडे आपल्या गाबोरोनी शहरात महिनाभर तो सबबी सांगत होता. आधी गुरांच्या तळावरचा पंप बिघडला, मग पाठ धरली, आणि शेवटी पिवळ्या तापाची लस टोचलेली नाही हे निघालं. तेव्हा त्याच्या साहेबीणबाई मा सेबोनी यांनी त्याला त्याच दुपारी दवाखान्यात पाठवून लस टोचून घ्यायला लावली.

"नातं तू जोडलंस ना? मग तोडायलाही तूच जा," त्या म्हणाल्या. "त्या बायांच्या समोर बस आणि स्पष्ट सांग की पुढच्या महिन्यापासून आम्हाला साबण नको."

साबण म्हणजे आमचा काळा साबण. कोकोच्या शेंगांची सालं वाळवायची, जाळायची, त्या राखेचं पाणी पाम तेलात घालायचं आणि हात गळून पडेपर्यंत ढवळायचं. कुमासीपासून दोन तास आत एका गावातल्या तीस बाया हे करत होत्या आणि तीन वर्षं टिरोची कंपनी त्यांचा सगळा माल उचलत होती. सगळी बोलणी फोनवर, दुभाषा मधे घेऊन. बायांची पुढारीण एनो सेरवा, एनो म्हणजे आईच्या जागची बाई, तिला टिरो दर फोनला सांगायचा, "तुम्ही ढवळत राहा एनो, मी बसलोय इकडे." आता कंपनीला कारखान्याचा स्वस्त साबण मिळाला होता, आणि बसलेल्याला उठून यावं लागलं होतं.

कुमासीच्या विमानतळावर त्याला न्यायला याव नावाचा माणूस आला होता. गाडी त्याची आणि फोनवरचा दुभाषाही तोच.

"साहेब, चेहरा असा का? मयताला आलात का?" यावनं विचारलं.

"प्रवासानं दमलोय."

"नाही, आमच्याकडे मयताला लोक याहून आनंदानं येतात, म्हणून विचारलं."

टिरोनं हसल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. सांगायचं वाक्य तो मनात घोळवत होता.

गावात आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मधे गावचे वडीलधारे नाना आमोआको, दोन्ही बाजूंना बाया, नव्या कपड्यांत. एनो सेरवानं स्वतः पाणी आणून दिलं. टिरो प्यायला. मग नाना म्हणाले, "इथे सगळं क्षेम आहे. वाट चालून तुम्ही आलात. काय कामानं येणं केलंत?"

आता हा प्रश्न म्हणजे नुसती विचारपूस नव्हे. आमच्यात पाणी पोटात गेलं की पाहुण्यानं आपलं काम सांगून टाकायचं, गोड असो की कडू. कडू सांगितलं म्हणून कुणी त्याला मारत नाही. पण चारचौघांत जे सांगितलं तेच त्याचं येणं, मागाहून दुसरं काढलं तर तो माणूस लबाड. आमच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. टिरोला कळत नव्हतं. त्याच्या घरी रीत उलटी. वाईट बातमी घेऊन गेलेला माणूस आधी पावसाचं बोलतो, मग गुरांचं, आणि उठता उठता खरी गोष्ट काढतो. आल्या आल्या तोंड उघडणारा तिथे आडदांड ठरतो. त्यात हा मुळातच भित्रा. त्याला रीत आयतीच मिळाली.

"वाईट काही नाही," तो म्हणाला. "नुसतं भेटायला आलो."

याव थबकला. "नुसतं भेटायला? असंच सांगू?"

"सांग."

यावनं सांगितलं आणि बायांमध्ये एकच कल्ला उठला. "अगंबाई, एवढं आभाळ ओलांडून नुसतं भेटायला!" एक म्हातारी म्हणाली, "माझा जावई पलीकडच्या गल्लीत राहतो, मेला ईस्टरलाही फिरकत नाही." दुसरी म्हणाली, "पण हा किती लुकडा! ह्याला साबण लावायला अंग तरी कुठे आहे?" एनो सेरवा हसली नाही. तिनं टिरोचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिचे डोळे भरून आले. तिथल्या तिथे जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं असं टिरोला वाटलं.

जेवायला बसले. फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा मऊ गोळा, आणि बोकडाचं रस्सेदार सूप. पहिला घास टिरोनं उचलला तोच एक टेम्पो येऊन थांबला आणि कुमासीची एक जाडजूड व्यापारीण उतरली. ती उभ्या उभ्याच बोलू लागली. एनो सेरवानं उत्तर दिलं, टिरोकडे बोट केलं, बाया हसल्या.

"काय चाललंय?" टिरोनं विचारलं.

"ही त्यांचा वर्षभराचा सगळा साबण मागतेय," याव म्हणाला. "पण सगळा, दुसऱ्या कुणाला एक वडी द्यायची नाही. आठ दिवस एनोनं तिला लटकत ठेवलंय. उत्तर द्यायचा आज शेवटचा दिवस."

"मग एनो काय म्हणाली?"

"म्हणाली, आमचा माणूस हा इथे बसलाय. आम्हाला सोडायचं असतं तर एवढ्या लांबून नुसता भेटायला आला असता का?"

टिरोच्या बोटांतला घास तसाच राहिला. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. एनो, हिला हो म्हणा. पण आत्ताच आपण काय सांगितलं, आणि आता सगळ्यांदेखत कुठल्या तोंडानं फिरवायचं? ही बाई जाऊ दे, मग एनोला बाजूला घेऊन सांगू, असं त्यानं स्वतःला समजावलं. व्यापारीण म्हणाली, "बरं बाई, पुढच्या गावातही राख आहे आणि हात आहेत." टेम्पो गेला. त्याची धूळ बसेपर्यंत टिरो घास धरून बसला होता. धावत गेला असता तरी टेम्पो गाठता आला असता.

सांगितलं त्यानं. तासाभरानं, न्हाणीच्या भिंतीआड. याव आधी भाषांतर करायलाच तयार होईना. "हे मी माझ्या तोंडानं सांगू?" म्हणाला. शेवटी सांगितलं. एनो सेरवा ओरडली नाही. तिनं व्यापारिणीला फोन लावला, ऐकून घेतलं आणि ठेवला. पुढच्या गावानं हो म्हटलं होतं.

"पाणी दिलं तेव्हा विचारलं होतं ना बाळा तुला?"

"हो एनो."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटलंच असतं," ती म्हणाली. "पण साबण खपला असता."

परत आंब्याखाली आले तेव्हा बातमी त्यांच्याआधी पोचली होती. मघाचा कल्ला कुठल्या कुठे गेला होता. याव टिरोच्या कानाशी लागला. "साहेब, असं उठून जायचं नसतं. वाट मागा. आमच्यात पाहुण्याला अर्धीच वाट देतात, अर्धी ठेवून घेतात. म्हणजे माणसाला परत यावं लागतं. कितीही भांडण झालं तरी अर्धी ठेवतातच."

टिरो उभा राहिला. "मला वाट द्या," तो म्हणाला.

नानांनी एनो सेरवाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"पुरी द्या," ती म्हणाली.

बायांमधली ती म्हातारी "अगं सेरवा!" म्हणून चपापली. यावनं भाषांतर केलं नाही, पण त्याचा चेहरा बघून टिरो समजला. तो दोन पावलं पुढे गेला आणि यावला मधे न घेताच, आपल्याच भाषेत हात जोडून म्हणाला, "एनो, अर्धी तरी ठेवा."

यावनं खालच्या आवाजात तिला ते सांगितलं. एनो सेरवानं मान वर केली. त्या नजरेत राग असता तर टिरोला बरं वाटलं असतं.

"नको रे बाळा," ती म्हणाली. "तुझी तू घेऊन जा."